लिलाव पुकारणाऱ्याची कवळी

“माणसानं झाडासारखं एका जागी उभं राहायचं नसतं! जग मोठं आहे, कर्तृत्वाला कुंपण नसतं!” असं गरजून नानांनी टेबलावर मूठ आपटली, आणि त्यांची वरची कवळी तोंडातून सुटून पॉलिसीकाकांच्या चहात पडली.

पॉलिसीकाकांनी कप हळूच खाली ठेवला. शेजारधर्म म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. फक्त बिस्किटाकडे निघालेला हात त्यांनी मागे घेतला.

नाना म्हणजे जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस. जुनी कपाटं, जप्तीच्या मोटारी, बुडालेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, सगळ्यांवर त्यांनी ‘एक वार, दोन वार, तीन वार’ करत हातोडा आपटलेला. निवृत्तीनंतर हातोडा गेला, सवय राहिली. ती आता घरातलं टेबल भोगत होतं. त्यांची लेक कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांच्या गल्लीत, मागच्या बाजूच्या लॅबमध्ये ती काम करायची. नानांच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. आता परदेशातल्या एका मोठ्या लॅबनं तिला बोलावलं होतं. संध्याकाळी तिकडून फोन येणार होता. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. म्हणून सल्लागार मंडळ बसलं होतं.

“जाण्याआधी दहा गोष्टींचा विचार करावा लागतो,” पॉलिसीकाका म्हणाले. ते विमा विकत, आणि नोकरीपायी स्वतः जास्तीत जास्त लांब गेले होते ते रेल्वे फाटकापलीकडे. “व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. मालकाशी बिनसलं, की उचला बाडबिस्तरा. शिवाय आजारपण. तिकडे दातांचा विमासुद्धा वेगळा घ्यावा लागतो हो!”

“अहो, ती दातच बनवते,” आत्या म्हणाली.

“स्वतःचे नाही ना बनवत!”

आत्या ही नानांची बहीण. मुलाकडे परदेशी राहून आल्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. “माणसं चांगली असतात बयो तिकडची. पण ‘कुठे निघालात’ म्हणून कुणी विचारत नाही. शेवटी शेवटी मी फ्रिजशी बोलायला लागले होते.”

“मग फ्रिज काय म्हणायचा?” नानांनी बोळक्या तोंडानं विचारलं.

“तुझ्यापेक्षा बरा होता. दार उघडलं की निदान उजळायचा तरी.”

मंडळ हसलं. लेक हसली नाही. पहिलं वर्षभर रजा मिळणार नाही, हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. चहातली कवळी चमच्यानं काढून ती स्वयंपाकघरात धुवायला घेऊन गेली.

दात गेले की हिरडी झिजत राहते, आणि काल नीट बसलेली कवळी हळूहळू सैल होते. म्हणून ती अधूनमधून नानांना खिडकीपाशी बसवायची, लाल कागद चावायला लावायची, जिथे रंग जास्त उमटेल तिथे कानस फिरवायची, आणि मग लिलाव पुकारायला सांगायची. बोलताना शिट्टी वाजली नाही, की काम झालं. हे सगळं सोडून जायची वेळ आलीच तर, म्हणून तिनं गेल्या महिन्यात त्यांना नवीकोरी जोडी करून दिली होती. नानांनी ती डबीत घालून ठेवली होती, ती ठेवलीच होती.

नळाखाली तिनं कवळी उलटी केली आणि तिचा हात थांबला. डाव्या कडेला आडवेतिडवे ओरखडे होते. तिची कानस एकाच दिशेनं चालायची, आणि घासलेली जागा गुळगुळीत केल्याशिवाय ती कवळी हातावेगळी करत नसे. हे काम तिचं नव्हतं. नवऱ्याच्या कोटावर परका केस सापडावा, तसं तिचं झालं. नाना दुसऱ्या कुणाकडे जायला लागले होते, आणि तेही असल्या गाढवाकडे!

पाहुणे गेल्यावर तिनं कवळी नानांसमोर ठेवली.

“कुणाकडून घासून घेतलीत?”

नानांनी छताकडे पाहिलं. मग खिशातून एक बारीक कानस काढली. तिचीच. आठवडाभर ती लॅबमध्ये ही हरवली म्हणून सगळ्यांशी भांडत होती.

“शिकत होतो,” ते म्हणाले. “तू गेल्यावर कोण करणार?”

“वाट लावलीत तिची. म्हणून सुटली मघाशी. आणि नवी दिली आहे ना मी?”

“नवी किती दिवस नवी राहणार? हिरडी थांबते का कुणासाठी?”

“इथले डॉक्टर आहेत. मला फोनवर दाखवत जा.”

“फोनमधून कानस फिरवशील?”

बाहेर अंधारायला लागलं होतं. फोन टेबलावर उपडा पडला होता.

“नाना, सकाळपासून जग मोठं आहे, जग मोठं आहे चाललंय तुमचं. जाऊ नको असं वाटत असेल तर सरळ सांगा.”

“नाही सांगणार.” नाना ताठ बसले. “लिलाव पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नसते. जन्मात लावली नाही. एकदा तुझ्या आईला आवडलेला आरसा आला होता. डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिला.”

“मी आरसा नाही.”

“म्हणून तर जास्त अवघड जातंय.”

तेवढ्यात फोन थरथरायला लागला. तिनं तो उचलला नाही, बंदही केला नाही. तो टेबलावर गुरगुरत इंचाइंचानं कडेकडे सरकत राहिला. नानांनी कवळी तोंडात घातली, जबडा दोनदा मिटला, आणि हातोडा धरल्यासारखी मूठ वर उचलली.

“एक वार,” ते म्हणाले. शिट्टी वाजली.

“दोन वार.” पुन्हा वाजली.

मूठ तशीच वर राहिली. ओठ हलले, पण पुढचा शब्द आला नाही. लेकीचा हात फोनवर होता, नजर मुठीवर. नानांनी एवढ्या वर्षांत एकही लिलाव अर्धवट सोडला नव्हता.

मग मूठ उघडली. नानांनी कवळी काढून तिच्यापुढे ठेवली, शेजारी तिची कानस ठेवली.

“फोन घे तू, काय सांगायचं ते सांग,” ते म्हणाले. “पण आधी हे डावीकडचं जरा घासून दे. फार टोचतंय.”