तांबडा दोरा, निळा दोरा

“माझे दोरे कुठे गेले?”

आजीने हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वरच्या भाडेकरूंचं कुत्रंही भुंकायचं थांबलं. दोन्ही नाती ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. थोरली तेरा वर्षांची. आजी तिला मास्तरीण म्हणायची, कारण बोलायला लागल्यापासून ती सगळ्यांना शिकवतच होती. धाकटी पिटुकली आठ वर्षांची. मास्तरणीच्या प्रत्येक उद्योगात तिचा हात असायचा आणि अंगाशी आलं की रडायला तीच पहिली.

“आजी, मळले होते गं ते,” मास्तरीण म्हणाली. “बाईंनी सांगितलंय, घरातल्या वस्तूंवर हिब्रूत नावं लावा. येता-जाता वाचन होतं.”

“बाईंनी सांगितलं तर घर पेटवाल! आणि भांडी हलवायला कोणी सांगितलं?”

“अक्षरांच्या क्रमानं लावलीत,” पिटुकली फुशारकीनं म्हणाली. “पहिलं अक्षर पहिल्या फळीवर.”

“वा! झाकण्या खिडकीत, पळ्या वाट्यांच्या मागे, आणि चाळणी कुठे आहे ते देवाला ठाऊक. त्याला तरी कुठलं ठाऊक असणार म्हणा, तोही शोधत असेल बिचारा.”

संताप नुसता मांडणीचा नव्हता. या घरात दूध आणि मांस एकमेकांना शिवत नसे. यहुदी धर्माचा नियमच तसा. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, पुसायची फडकी वेगळी. सासूने स्वयंपाकघर हवाली करताना एवढंच बजावलं होतं, आणि पन्नास वर्षांत आजीने एक चमचा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. पूर्वीची भांडी आकारानं वेगळी होती, अंधारात चाचपून कळायची. गेल्या वर्षी सूनबाईने हौसेनं ती काढून टाकली आणि स्टीलचे दोन संच आणले. जुळ्या बहिणींसारखे. मग आजीने भांड्यांच्या कानांना दोरे बांधले. मांसाला तांबडा, दुधाला निळा. प्रश्न मिटला.

काल संध्याकाळी ती शेजारच्या आजारी बाईजवळ बसायला गेली, तेवढ्यात पोरींनी कारभार केला होता. दोऱ्यांच्या जागी आता हिब्रूत ‘मांस’ नाहीतर ‘दूध’ असं लिहिलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या. त्यांवर काळी, ठसठशीत, देखणी अक्षरं. आणि आजीला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेलं एकच माणूस तीन वर्षांपूर्वी गेलं. आजी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसायची, ओठ हलायचे, शब्द बिनचूक यायचे. आईच्या तोंडून ऐकून पाठ झालेले होते सगळे. शाळा दोनच इयत्ता, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. सही आणि बसचा नंबर, एवढ्या भांडवलावर तिने संसार ओढून नेला होता आणि चार बुकं जास्त शिकलेल्यांना याच स्वयंपाकघरात खडसावलं होतं. अशा बाईनं नातीला विचारायचं, यावर काय लिहिलंय गं?

त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

“आता हलवत बसू नका,” ती म्हणाली. “शुक्रवार आहे. नाचू नंतर.”

सूर्य मावळला की शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, लागणार होता. मग उद्या संध्याकाळपर्यंत चूल नाही, शिवण नाही, लिहिणं नाही, कायमची गाठ मारणंसुद्धा नाही. जे काय करायचं ते उजेड असेतो. त्यात मुलगा कामासाठी परगावी गेलेला, म्हणून टेबलावरची प्रार्थना आज पहिल्यांदाच मास्तरीण वाचणार होती. ऐकायला हिब्रूच्या बाई जेवायला येणार होत्या. चार दिवस पोरगी आरशासमोर उभी राहून घसा कोरडा करत होती.

“अंडी आण. एकेक पेल्यात फोड. उजेडात धर. रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून दे.”

“माहितीये आजी.”

“माहितीये तर थेट पिठात का फोडत होतीस? तुझ्या पुस्तकात अंडी आपण होऊन फुटतात वाटतं.”

पिटुकली खुदकन हसली. आजीने तिच्याकडे मोर्चा वळवला. “तू काय दात काढतेस? मांसाला मीठ लावलंस ते असं? पावडर लावतात तोंडाला तशी? दोन्हीकडून चोळ. फळी तिरकी कर, रक्त निथळून जायला हवं. हां. आणि तासाभरानं तीन पाण्यांनी धुवायचं. दोन नाही, तीन.”

पाव मळून झाला, पीठ फुगलं, मास्तरणीने त्याचे पेड काढून वेणी घातली. वेणी एका बाजूला झुकली. आजीने ती उसवली आणि पुन्हा घालायला लावली. दुसऱ्यांदा चांगली जमली, पण आजी म्हणाली, “चालेल. अंधारात खायची असती तर.”

प्रत्येक भांड्याच्या वेळी तिने एक युक्ती काढली. हात कमरेवर ठेवून, परीक्षकाच्या थाटात म्हणायची, “ते पातेलं आण. काय लिहिलंय? मोठ्यानं. पुटपुटू नकोस.” मास्तरीण खणखणीत वाचायची, अर्थ सांगायची. आजी मान हलवायची. “ठीक. उच्चार सुधार.” आजीला आपला अभ्यास आवडायला लागला, या आनंदात मास्तरणीने दिवसभर न मागता सगळी फळी वाचून दाखवली.

तीनला मुली न्हायला गेल्या. मांस शिजत होतं, त्या पातेल्यावरची चिठ्ठी वाफेनं केव्हाच गळून पडली होती; पाव भट्टीत होता. नेमका तेव्हा दूधवाला आला, रोजच्यापेक्षा तीन तास उशिरा, वर गाडी बिघडल्याची रडकथा घेऊन. दूध उन्हात तापून आलेलं. ताबडतोब उकळलं नाही तर नासणार, आणि उद्या सकाळी चूल नाही.

समोर दोन पातेली. एकाच मापाची, एकाच चकाकीची. न्हाणीघरातून हसण्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर काम झालं असतं.

आजीने हाक मारली नाही. चष्मा लावला आणि चिठ्ठ्या निरखल्या. एका चिठ्ठीवर मधलं अक्षर उंच मानेचं, वर आकडा काढल्यासारखं. खाटकाच्या दुकानात मांस टांगतात, तसा आकडा. दुसरीवर मधल्या अक्षराला तीन टोकं वर आलेली. आजीने मान तिरकी केली. उलटी धरलेली आचळं. दुसरं काय?

“एवढ्यासाठी बाईंना पगार देतात,” ती स्वतःशी म्हणाली, आणि आचळांच्या पातेल्यात मावेल तेवढं दूध ओतलं.

उकळी फुटली तेव्हा मास्तरीण केस पुसत आली आणि दारातच किंचाळली.

“आजी! हे मांसाचं पातेलं आहे!”

गॅस बंद झाला. साय धरायला लागलेलं दूध पातेल्यात हळूहळू खाली बसलं. त्याच वेळी इस्पितळातली पाळी संपवून सूनबाई आली, नर्सच्या पांढऱ्या बुटांसकट, पिशवी हातातच.

“काय झालं? आई, तुमचा चेहरा असा का?”

आजीच्या तोंडून शब्द आपोआप सुटले. “विचार तुझ्या विदुषींना! चुकीच्या चिठ्ठ्या डकवल्यात. पन्नास वर्षं, पन्नास वर्षं या घराला डाग नाही, आणि आज भर शुक्रवारी ही तऱ्हा! आधी ते हिब्रू बंद कर. सुई धरता येत नाही आणि म्हणे अक्षरं!”

सूनबाई दमलेली होती. तिने पिशवी खाली टेकवली. “किती वेळा सांगितलं गं तुम्हाला, आजीच्या भांड्यांना हात लावू नका म्हणून? बास झालं. आज वाचायचं नाही कुणी. बाईंना मी सांगते, सोमवारपासून येऊ नका.”

“पण चिठ्ठी बरोबर आहे,” पिटुकली पातेल्याकडे बोट दाखवत म्हणाली. “मांसच लिहिलंय. मी वाचलं.”

मास्तरीण वाकली. चिठ्ठी बघितली. मग शेजारच्या पातेल्यावरची बघितली. मग आजीकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. काय लिहिलंय, मोठ्यानं वाच, असं सकाळपासून किती वेळा ऐकलं होतं ते तिला एकदमच आठवलं असावं. तिचा चेहरा लाल झाला.

“माझीच चूक आहे आई,” ती हळूच म्हणाली. “मी... घाईत उलटसुलट लावल्या. पिटुकलीला नीट वाचता येत नाही अजून.”

“मला येतं!” पिटुकलीने भोकाड पसरलं.

आजीने चष्मा उतरवला. खोटा आळ घालून झाला होता, तो निमूट पचलाही असता. पण हे काय होतं? ओल्या केसांची, काल-परवापर्यंत जिचं नाक आपण पुसत होतो ती पोरगी आपल्यावर पांघरूण घालते? आपली कीव करते? तीही आपल्याच ओट्यापाशी उभी राहून?

“गप्प बस!” आजी कडाडली. “खोटं बोलायला कोणी शिकवलं तुला? मी नाही शिकवलं. चिठ्ठी बरोबर आहे. मला वाचता येत नाही.”

पिटुकलीचं रडं मध्येच थांबलं.

“हिब्रू नाही, काही नाही. कधीच येत नव्हतं. झालं समाधान? आता तोंडं मिटा, माशी जाईल. आणि सूनबाई, बाईंना काही सांगायचं नाही. सांगितलंस तर पुढच्या शुक्रवारी तूच लाव मांसाला मीठ.”

तिने पातेलं स्वतः उचललं, दूध मोरीत ओतलं आणि पातेलं मागच्या पायरीवर पालथं ठेवलं. त्याचं पुढे काय करायचं ते शब्बाथ सुटल्यावर धर्मगुरूंना विचारायचं होतं. उरलेलं दूध सूनबाईने दुसऱ्या पातेल्यात तापत ठेवलं.

ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मास्तरीण दोन रिळं घेऊन आली, तांबडं आणि निळं. आजी खुर्चीत बसली होती. तिने हात पुढे केला नाही.

“चिठ्ठ्या काढू का?”

“कशाला? राहू देत. लावल्यात तर लावल्यात. पण दोरा हवा. आणि अशी गाठ नको, ही बुटाची गाठ झाली. दोन वेढे, मग आतून. ओढ. हां.”

मुलीने बांधलं. बांधताना चिठ्ठीवरचा शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला. दुसऱ्या भांड्याला तिने तो थोडा मोठ्याने म्हटला. आजीने खिडकीकडे बघितल्यासारखं केलं.

“मग पुस्तकाची पानं कशी उलटायचीस गं?” मास्तरणीने मान वर न करता विचारलं.

“तुझे आजोबा खोकायचे.”

“आणि आता?”

“आता अंदाजानं. निळा दोरा तिकडे कुठे चाललाय? डोळे फुटले का?”

अकरा भांडी झाली तेव्हा सूनबाईने मेणबत्त्या आणून ठेवल्या आणि म्हणाली, “बास आता.” उरलेली भांडी तशीच राहिली. आजीने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर तळवे धरले. आज ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरलेले होते.

बाई आल्या. टेबलावर झाकलेला वेणीचा पाव, प्रत्येकासमोर पुस्तक. मास्तरीण उभी राहिली आणि वाचायला लागली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पहिलं पान संपता संपता मास्तरीण खोकली. छोटासा, घसा साफ केल्यासारखा खोकला.

आजीचा हात सवयीनं पानाकडे गेला. पानाचा कोपरा तिने दोन बोटांत धरला, आणि तसाच सोडून दिला. मग तिने पुस्तक मिटलं आणि बाईंच्या देखत बाजूला, मिठाच्या वाटीपाशी ठेवलं.

“खोकू नकोस,” ती म्हणाली. “घसा जाईल. मला पाठ आहे.”

मास्तरणीने पान उलटलं. आजी रिकामे हात मांडीवर ठेवून, ताठ बसून म्हणत राहिली, वाचणारीच्या एक शब्द पुढे.