अंडी कुठून येतात

बारकी चव्वेचाळीस वर्षांची होती आणि अंगानं चांगली भरलेली, तरी दुकानात सगळे तिला बारकीच म्हणत. पाच बहिणींतलं ते शेंडेफळ. थोरल्या बहिणीनं तिला या दुकानात चिकटवलं तेव्हा घरातलं नावही पाठोपाठ आलं आणि सतरा वर्षं तिथंच मुक्कामाला राहिलं.

दुकानाची पाटी पिवळी, गणवेश पिवळे. अशी पिवळी किराणा दुकानं त्या शहरात पंधरा-वीस तरी होती, सगळी एकाच कंपनीची. मग रस्त्याच्या पलीकडे हिरव्या पाटीचं दुकान उघडलं आणि पिवळ्याच्या साहेबांची झोप उडाली. गिऱ्हाईक तर गेलंच, पण गल्ल्यावरच्या चार जणीही रस्ता ओलांडून गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मग दुसरा विषयच नसे.

"तिथं गल्ल्यावर बसायला खुर्ची मिळते म्हणे. आणि पंधरा दिवसांच्या पाळ्या आधीच लावतात. आपल्याला उद्या किती वाजता यायचं ते आज संध्याकाळी कळतं."

"पण डोक्यावर कॅमेरा असतो. हात जरा मंदावला की यंत्र टूं टूं करतं."

"करू दे की. बसून ऐकायचं."

बारकी या गप्पांत पडत नसे. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेबांनी तिला तीन आठवडे सुट्टी दिली होती, वर स्वतः फळं घेऊन दवाखान्यात आले होते. तिथल्या खाटेशेजारी स्टुलावर अवघडून बसलेले साहेब ती विसरली नव्हती. खुर्ची नसली तरी माणूस आहे, असं ती मनाशी म्हणे.

म्हणूनच साहेबांनी बोलावलं तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

"तुमच्या सुट्टीच्या दिवशी जरा समोर जाऊन या," साहेब म्हणाले. "नोकरी बघायला आले म्हणा. काय देतात, कसं चालवतात, नजर टाका. आणि ती अंडी. इतकी स्वस्त त्यांना परवडतात कशी, तेवढं कळलं तर बघा."

अंड्यांनीच पिवळ्याचा घात केला होता. लोक अंड्यांसाठी समोर जात आणि येताना महिन्याचं सगळं सामान घेऊन येत.

"खोटं बोलायचं का, साहेब?"

"खोटं कशाला? नोकरी विचारायला कुणाला बंदी आहे का?"

पिवळ्यातून गेलेल्या चौघींची दुपारची पाळी असते हे ठाऊक होतं, म्हणून बारकी सकाळीच गेली. हिरव्याचे साहेब जागेवर नव्हते. तिला भेटली ती पावाच्या विभागाची प्रमुख, उंच, कोपरापर्यंत पिठानं माखलेली बाई. तिथं सगळे तिला पाववाली म्हणत.

"सध्या कुठं आहात?" तिनं विचारलं.

"कपड्यांच्या दुकानात," बारकी म्हणाली. शब्द इतके सहज निघाले की ती स्वतःच चपापली.

"साहेबांना यायला तासभर लागेल. तोवर नुसतं बसून काय करणार? चला, दुकान दाखवते."

पाववालीनं हातचं काही राखलं नाही. गल्ल्यावरची एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बारकीला बसवलं. "टेका पाठ. या खुर्च्यांसाठी मी वर चार पत्रं लिहिली. पाचव्याला कंटाळून दिल्या." मग पाळ्यांचा तक्ता दाखवला, कॅमेरे कुठं कुठं आहेत ते दाखवलं, यंत्राच्या टूं टूंला कान कसे सरावतात ते सांगितलं. शेवटी मागच्या गोदामात नेलं. अंड्यांचे ट्रे छताला टेकले होते.

"बाई गं, एवढी अंडी येतात तरी कुठून?" बारकीनं विचारलं, आज ऊन फार आहे म्हणावं तितक्या सहजपणे.

"टेकडीपलीकडे एक पोल्ट्रीवाला आहे. त्याचा सगळा माल आम्हीच उचलतो, म्हणून भाव पडतो. लिहून-बिहून काही नाही हो, तोंडी शब्दावर चाललंय."

निघताना पाववालीनं एक गरम पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. "तुम्हाला घेतील बघा. तुमची नजर चांगली आहे."

घरी लेकीनं तो पाव चहाबरोबर चाटूनपुसून संपवला आणि कुठून आणला म्हणून विचारलं. बारकी म्हणाली, असाच. तिनं स्वतः तुकडाही तोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना दोन पानं लिहून दिली. वर खुर्च्या, मग पाळ्या, मग कॅमेरे. अंडी मुद्दाम शेवटी, एका ओळीत. साहेबांचं बोट वरून भरभर खाली आलं आणि त्या ओळीवर थांबलं.

"खुर्च्यांचं पुढं बघू," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत पोल्ट्रीवाल्याची गाडी पिवळ्या दुकानाच्या मागच्या दाराशी लागू लागली, या वेळी रीतसर करारानं. हिरव्यातली अंड्यांची फळी नऊ दिवस रिकामी होती. गिऱ्हाईक परत फिरलं. साहेबांनी बारकीला देखरेखीचं काम दिलं आणि कोपऱ्यात एक टेबल दिलं.

"तू काय वाईट केलंस?" नवरा म्हणाला. "सांगितलेलं काम केलंस."

"हो," ती म्हणाली. पण दुकानातून बाहेर पडताना हिरव्या पाटीकडे बघायचं ती टाळू लागली.

महिन्याभरानं एका सकाळी तिच्या टेबलासमोर नोकरीचा अर्ज घेऊन पाववाली उभी राहिली. हात स्वच्छ होते, म्हणून बारकीला क्षणभर ओळखूच आली नाही. पाववालीनं मात्र लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही इथं लागलात होय? बरं झालं."

हो म्हणून टाकलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"मी कपड्यांच्या दुकानात कधीच नव्हते," ती म्हणाली. "सतरा वर्षं इथंच आहे. मला पाठवलं होतं."

पाववाली खुर्ची ओढून बसली, तिनं अर्जाची घडी घातली, परत उलगडली.

"बाहेरच्या बाईला गोदामात नेलं म्हणून काढलं मला," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात दिसलं सगळं. साहेब म्हणाले, अंड्यांचं गुपित त्या बाईनंच फोडलं असणार. मी शपथेवर सांगितलं की ती बाई तसली नव्हती."

बारकीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"अर्ज ठेवू का नेऊ?" पाववालीनं विचारलं. "मला घर चालवायचंय."

"ठेवा," बारकी कशीबशी म्हणाली.

त्याच दुपारी ती रस्ता ओलांडून थेट हिरव्याच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. त्या बाईनं काही विकलं नाही, तिचा भलेपणा मी लुबाडला, तिला परत घ्या.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाहेरच्या माणसाला गोदामात न्यायचं नाही, हा नियम आहे. तो तिनं मोडला. तुम्ही कोण होता, त्याचा काय संबंध?" मग ते जरा पुढं झुकले. "पण एका फेरीत तुम्ही एवढं हेरलंत? आमच्याकडे या ना. तिथल्यापेक्षा जास्त देऊ."

बारकी तडक बाहेर पडली. अंगावर कुणीतरी खरकटं पाणी ओतल्यासारखं तिला वाटलं. इतके महिने जेवणाच्या सुट्टीत दोन दुकानांचं डावं-उजवं चाललं होतं. तिला आता काही निवडता येईना.

सोमवारी पाववाली पिवळा गणवेश घालून कामाला लागली. पाव पहिल्या आठवड्यातच संपू लागला. इतर बायकांशी तिची गट्टी जमली, जेवणाच्या वेळी तिच्या टेबलावर हशा उसळे. बारकी आली की ती हसायची थांबे आणि विचारलं तेवढंच सांगे. पीठ किती लागेल? दोन पोती. उद्या लवकर याल? येईन. अदबीत कधी खोट नाही, पण एक शब्दही वरचा नाही.

तीन महिने बारकीनं हे सोसलं. मग एका दुपारी, बाकीच्या उठून गेल्यावर, ती डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्हाला परत घ्या म्हणून मी समोर गेले होते," ती म्हणाली. "घेत नाहीत. उलट मलाच या म्हणाले, जास्त देतो म्हणाले. मी समोर जाऊन आले हे इथल्या साहेबांना कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत."

पाववालीचा घास हातातच राहिला. "मग मला कशाला सांगताय?"

"तुम्ही मला विश्वासानं सांगितलं होतं. माझंही काहीतरी तुमच्या हातात असावं म्हणून."

"मी ते साहेबांना सांगितलं तर?"

"सांगा."

पाववालीनं घास तोंडात टाकला, सावकाश चावला, डबा झाकला आणि उठली.

पुढचे कित्येक दिवस साहेबांनी हाक मारली की बारकी त्यांना कळलं असणार असं धरूनच जाई, आणि प्रत्येक वेळी ती हाक भलत्याच कामाची निघे. पाववालीनं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. तिनं सांगून टाकलं असतं तर निदान फिटलं असतं, असं बारकीला वाटे. तसं झालं नाही. रोज सकाळी पाववाली भट्टीपाशी उभी असे, आणि रोज सकाळी बारकी तिला पीठ किती लागेल ते विचारायला जाई.