शेजारच्या सीटचा ब्रेक

नुसतं आडवं पडायलाही शिकवणी लागते, हे मला जाऊबाईंमुळे कळलं. थोरल्या जाऊबाईंनी एकदा मनात घेतलं, की समोरच्याचं काही चालत नाही. त्यांनी शनिवार-रविवारचं योग-ध्यानाचं शिबिर शोधलं, आम्हा नवरा-बायकोची नावं परस्पर घातली आणि बॅग भरायला स्वतः येऊन उभ्या राहिल्या. शरीराकडे लक्ष द्यायला शिकवतात म्हणे तिथे. मी नाही म्हटलं नाही, कारण माझं वेगळंच ठरलं होतं. रविवारी परत निघताना नवऱ्याला सांगायचं, की आता मी वेगळी राहणार. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसवर एक खोली आहे. ती मी झाडूनपुसून ठेवली होती.

भिंगरी जाऊन वर्ष होत आलं होतं. आमची एकुलती एक लेक. लहानपणी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं नाव. त्या दिवशी घरची गाडी ती चालवत होती आणि बाबा शेजारी बसला होता. वळणावर समोरून ट्रक चुकीच्या बाजूने आला. ती जागच्या जागी गेली. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि जुळलंही. पोलिसांना, नातेवाइकांना तो एकच सांगत राहिला, काही कळलंच नाही. मलाही तेवढंच सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर त्याने ब्र काढला नाही.

माझा धंदा सांगितल्याशिवाय माझा राग समजायचा नाही. मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि त्यावर माझा पाय असतो. शिकणारा गडबडला की मी दाबते. मग म्हणते, "थांबली गाडी. आता हळू पाय सोड." इतकी वर्षं हेच केल्यामुळे बसमध्ये बसले तरी माझा उजवा पाय पुढची फळी दाबतो, टीव्हीवर गाडी दिसली तरी दाबतो. नवराही माझाच विद्यार्थी. क्लच आणि ब्रेकमध्ये त्याने असा काही घोळ घातला, की माझ्या नाकी नऊ आले. शेवटी कसाबसा पास झाला, लायसन्स दाखवायला म्हणून आला आणि लग्नाचं विचारून गेला.

तर माझ्या लेखी शेजारचा माणूस कधी नुसता बसलेला नसतो. त्याने बघायचं असतं, ओरडायचं असतं, वेळ पडली तर हँडब्रेक ओढायचा असतो. आणि याला काही कळलंच नाही? पोरगी बाजूला गाडी चालवतेय आणि हा काय झाडं बघत होता? हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं, तर काय काय बाहेर पडलं असतं, त्याची मलाच भीती वाटायची. मग बोलणं कामापुरतं झालं आणि अंथरूण दुसऱ्या खोलीत गेलं.

शिबिराची जागा चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. लाकडी जमिनीचा लांबलचक हॉल, मोठ्या खिडक्या, प्रत्येकाला एक चटई, एक चादर आणि एक लोड. चहा मात्र गवत उकळल्यासारखा. शिकवणारी बाई माझ्याहून बरीच लहान होती आणि इतकं हळू बोलायची, की मागच्या रांगेतले एक रिटायर्ड कॅशियर दर वेळी "काय म्हणाल्या?" असं विचारायचे. अंग ताणून, श्वास सोडून झाला की ती म्हणायची, "आता आडवे व्हा." या आसनाचं नाव सगळ्यांनाच माहीत असतं. तिने ते दोन दिवसांत एकदाही घेतलं नाही. जाऊबाईंनी फोनवर सांगून ठेवलं असणार, आणि ते हॉलभर पोचलंही असणार.

शनिवारी दुपारी पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडायचा होता. कॅशियर गुडघ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच घोरू लागले. बाई माझ्यापाशी येऊन थांबली. म्हणाली, तुमचा उजवा पाय काहीतरी दाबतोय. मी डोळे न उघडता धंदा सांगितला. हॉलमध्ये हसू फुटलं, मलाही आलं. जागे झालेले कॅशियर म्हणाले, "जित्याची खोड..." आणि पुढची म्हण त्यांनी गिळली. हसू तिथेच विरलं. नवरा शेजारच्या चटईवर होता. तो हसला नव्हता. छताकडे बघत पडला होता.

रविवारी बाईने जोड्या केल्या. एकाने आडवं पडायचं, दुसऱ्याने पायाशी बसून त्याचं एक पाऊल दोन्ही हातांत घ्यायचं. एक हात टाचेखाली, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या तळपायाला टेकवून. धरायचं नाही, दाबायचं नाही, फक्त आधार द्यायचा. पडलेल्याने पायाचं सगळं ओझं देऊन टाकायचं. मला हसूच आलं. वर्षभर ज्याला साधा पाण्याचा पेला हातात दिला नाही, टेबलावर ठेवला, त्याचा पाय हातात घ्यायचा. पण तेवढ्यासाठी सगळ्यांसमोर तमाशा कोण करणार? परतीच्या वाटेवर सांगायचं होतंच. मी बसले.

त्याचा उजवा पाय थंड होता. टाचेला भेगा पडल्या होत्या. आधी तो पाय हातात लाकडासारखा राहिला. मग बाई श्वासाबद्दल काहीबाही सांगत राहिली आणि तो हळूहळू जड झाला. त्याला बहुधा डुलकी लागली. वर्षभर त्याला धड झोप नव्हती. भिंतीपलीकडून मला त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या.

आणि मग त्या पायाने दाबलं.

आधी जरासं, मग सगळा जोर लावून. टाच माझ्या एका हातात रोवली गेली आणि चवडा दुसऱ्या तळव्यावर आला. गुडघा ताठ झाला, मांडी थरथरायला लागली. हे दाबणं मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तो चालवणाऱ्याचा पाय नव्हता. तिथे क्लच नव्हता, गिअर नव्हता, काही गोंधळ नव्हता. शेजारच्या सीटवर, जिथे माझ्या गाडीत ब्रेक असतो, नेमकं तिथेच तो दाबत होता. घरच्या गाडीत त्या जागी नुसती चटई असते.

माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा. त्याने डोळे उघडले. मी त्याच्या पायाकडे बघतेय, हे त्याला दिसलं.

"ब्रेक नव्हता गं तिथे," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी दाबत राहिलो."

"सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगू? तू असतीस तर थांबली असती गाडी."

मला म्हणायचं होतं, की नसती थांबली. ट्रक वळणातून अंगावर आला, तर माझ्या गाडीचाही ब्रेक पुरत नाही, हे शिकणाऱ्यांना मीच सांगते. वर्षभर ज्याच्यावर मी मनातल्या मनात ओरडत होते, तो रोज रात्री पलीकडच्या खोलीत हाच नसलेला ब्रेक दाबत होता. मी रडायला लागले. भिंगरी गेली तेव्हाही चारचौघांत अशी रडले नव्हते.

बाई जवळ आली. हळूच म्हणाली, हात सैल ठेवा, आता पाय खाली सोडला तरी चालेल. हॉलभर लोक एकमेकांचे पाय चादरीवर ठेवत होते. त्याचा पाय अजून दाबतच होता. थांबली गाडी, आता हळू सोड, हे माझ्या ओठांवर आलं. इतक्या जणांना इतक्या वेळा म्हटलेलं ते वाक्य मला त्याला म्हणता येईना, कारण गाडी थांबली नव्हती.

मी हात सैल सोडले नाहीत. बाईचं न ऐकता दोन्ही तळवे त्याच्या पावलाला घट्ट लावले आणि होता नव्हता तेवढा जोर देऊन बसून राहिले. निदान आता तरी त्याच्या पायाखाली काहीतरी असू दे.