पहिलं दळण

“तुमच्या गिरणीच्या पिठात दगड असतात, ते तुम्ही स्वतः खाता का?” हा प्रश्न माझ्या बाबांना चारचौघांत विचारायचा, अशी पैज टाचणीने मधल्या सुट्टीत माझ्याशी लावली. टाचणी म्हणजे शिंप्याची मुलगी. हे नाव तिला बापाच्या धंद्यावरून पडलं की तिच्या जिभेवरून, यावर वर्गात अजून एकमत नाही. मागच्या बाकावरच्या सगळ्याजणी तिच्या बाजूने. मी म्हटलं, पुरावा दाखव. तिने डब्यातल्या भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी चावला आणि दाताखाली कर्र झालं.

“काल आमच्या आजीचा दात गेला ह्यानेच,” टाचणी म्हणाली. “चावायचा तेवढाच राहिला होता.”

एरवी ह्यावर वर्ग खिदळला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि माझं डोकं जे सणकलं ते शाळा सुटेपर्यंत उतरलं नाही. कारण ती गिरणी माझ्या आजोबांची.

गावाच्या टोकाला, शेतं सुरू होतात तिथे पत्र्याची शेड. आत इंजिन, पट्टा आणि एकावर एक बसवलेले दोन गोल दगड. दळून दळून ते गुळगुळीत झाले की पीठ तापतं, त्याला करपल्याचा वास येतो. मग वरचा दगड उचलून बाजूला घ्यायचा आणि छिन्नीने दोन्ही दगड टोचून खरखरीत करायचे. ह्याला टाकी लावणं म्हणतात. आजोबा सुट्टीच्या दिवशी पोत्यावर मांडी ठोकून बसायचे, भुवयांत दगडाची भुकटी, आणि कंदील धरायला मी. कधी कधी छिन्नी माझ्या हातात द्यायचे. मी दणादण हाणायला लागले की म्हणायचे, “हळू गं. दगड काय तुझा गणिताचा मास्तर आहे?” रागाने मारलं तर दगडाचा टवका उडतो, नुसतं टोचत जायचं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की हात आपोआप सैल पडायला लागला.

टाकी लावल्यावर दगडाची खर पिठात उतरते. आधी कोंडा फिरवून फेकला तरी थोडी उरतेच, आणि इतकी बारीक की चाळणीतूनही निसटते. म्हणून त्यांचा नियम होता: त्यानंतरचं पहिलं दळण आपल्या घरचं. दारात बैलगाड्यांची रांग लागलेली असो, कुणी कितीही मोठा बागायतदार येऊन पाय आपटो, आधी आमचं धान्य दगडावर पडायचं. दगड माझा तर खरही माझीच, म्हणायचे. आणि हाच माणूस मला ताप आला तेव्हा ऐन मळणीच्या दिवसांत इंजिन बंद ठेवून बसला, का तर धडधडीने माझं डोकं दुखतं. लोक भरल्या गाड्या घेऊन शिव्या देत परत गेले. आजोबा माझ्या उशाशी बसून पट्ट्याला टाके घालत होते.

ते जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. संध्याकाळी बाबांनी गिरणीच्या अंगणात बाकडी मांडली. शेतं कापून मोकळी झालेली, गरम वारा सुटलेला, भुसा उडून सगळ्यांच्या केसांत बसत होता. एकेक जण उठून आजोबांबद्दल बोलला. हेडमास्तर बोलले, लोहार बोलला, शिंपी बोलता बोलता रडला. पुढच्याच बाकड्यावर त्याची म्हातारी आई गालाला पदर लावून बसली होती. शेवटी बाबा उठले आणि म्हणाले, वडिलांनी घालून दिलेली रीत मी जशीच्या तशी चालवतोय.

मी ताडकन उभी राहिले. टाचणीचा प्रश्न पाठ होता, पण तोंडातून माझाच निघाला.

“बाबा, टाकी लावल्यावरचं पहिलं दळण हल्ली कुणाच्या डब्यात जातं?”

बाबा म्हणाले, घरी बोलू. मी म्हटलं, इथंच बोलू. त्यांनी एकदा शिंप्याच्या आईकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. तेवढं मला पुरलं. बहुतेक सगळ्यांनाच पुरलं, कारण अंगण बघता बघता रिकामं झालं.

घरी आल्यावर चुलीपुढे भांडण पेटलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाबा आधी माझ्यावरच ओरडले, सगळ्यांपुढे अब्रू काढलीस म्हणून. मग खाली बघत पुटपुटले, “म्हातारीला दात नाहीत, भिजवून खाते. म्हटलं, तिला काय कळणार.”

असं वाटलं, समोरचं ताट उचलून भिंतीवर मारावं. तेवढ्यात आई उसळली.

“त्यांना बोलू नकोस. मी सांगितलं होतं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून खर खातेय मी. नाव तुझ्या आजोबांचं झालं, दाढा माझ्या गेल्या. ते गेले तेव्हा म्हटलं, आता पुरे.”

आईचंही खरंच होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. तिने इतकी वर्षं सोसलं ते आजोबांना दिसलं नसेल? की दिसूनही गप्प बसले?

मग बाबाच हळू आवाजात बोलले. आपल्याला मिळायचं ते पहिलं नव्हतंच, म्हणाले. सगळ्यात आधी पडणारं, डोळ्यांना दिसेल एवढी खर असलेलं पीठ आजोबा वेगळं काढायचे, पितळी डब्यात. ते एकटेच खायचे. फेका म्हटलं तर ऐकत नसत. राबून पिकवलेलं धान्य आहे, दगडाचं पाप त्याच्या माथी कशाला, म्हणायचे. लहानपणी बाबांनी त्यातला एक घास चोरून खाल्ला होता, आणि थुंकला होता.

“तो डबा कुठाय?” मी विचारलं.

बाबांनी गिरणीकडे बोट केलं. मी उठून गिरणीत गेले. डबा इंजिनामागे होता, बाबांनी त्यात नट-बोल्ट ठेवले होते. ते जमिनीवर ओतले, डबा राखेने घासला, धुतला आणि आणून दोघांच्या मधे ठेवला.

“पुढच्या सुट्टीला टाकी मी लावणार,” मी म्हटलं. “शाळा बुडणार नाही, ते विचारू नका. पहिलं दळण ह्या डब्यात, आणि हा डबा आजपासून माझा. दुसरं तुम्हा दोघांचं. आई, तुझं जरा भिजवून खा. आणि उद्या सकाळी आपण तिघं शिंप्याच्या आजीकडे जातोय. पुढे मी चालेन, पण बोलायचं तुम्ही.”