सशांचा बंगला मोडला त्याची गोष्ट

माझा नवरा सुतार आहे आणि आमच्या बाथरूमच्या दाराला कडी नाही. आत गेलं की पायाने वीट सरकवायची. स्वयंपाकघरात फळीसाठी भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकलेत, तीन वर्षं झाली, फळी अजून वाटेत आहे. ओट्याचा कोपरा असा धारदार की माझ्या मांडीवर कायमचा काळानिळा डाग. लोकांकडे हाच माणूस कपाट असं बसवतो की फटीत केस जायचा नाही. घरी म्हणतो, "रविवारी बघू."

तेवढं मी सोसलं. मग त्याने ससे आणले.

दोन, दोन्ही माद्या. लोक एक सवत आणतात, याने जोडी आणली. करडी ती जाडी आणि पांढरी ती राणी. राणी! लग्नाला बारा वर्षं झाली, मला या माणसाने 'अगं'च्या पुढे काही म्हटलेलं नाही.

मी शिवणकाम करते. कापड फरशीवर पसरायचं आणि गुडघ्यांवर रांगत कापायचं. गुडघे गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जमिनीवर बसणं बंद करा. त्यात शाळेच्या बँडचे बावीस कोट शिवायला आले, चांगल्या जाड कापडाचे. नवरा म्हणाला, "टेबल करून देतो, उभ्याने काप." मला भिंतीशी उभी करून कोपरापर्यंत माप घेतलं. प्लायवूड आणलं, चार खांब आणले. मी मूर्ख, त्याला त्या दिवशी दोनदा चहा करून दिला.

रविवारी बाजारातून आले, तर त्या लाकडाचा दुमजली बंगला उभा. जाळीची खिडकी, वर चढायला उतार, दाराला कडी. हो, कडी! कोपरान् कोपरा घासून गोल केलेला.

"माझं टेबल?"

"अगं, करतो ना. फरशीवर सशांचे तळवे सोलतात, जनावरांचा डॉक्टर म्हणाला."

"आणि माझे गुडघे सोलले तर?"

"तुझं काय, तू समजूतदार आहेस."

बाईला समजूतदार म्हटलं की समजावं, तिच्या वाटचं कुणीतरी खाल्लंय.

मी जळत होते. उगाच सभ्य शब्द वापरणार नाही. मी केस अर्धे कापून आले ते याला चौथ्या दिवशी कळलं. राणीने गवताच्या दोन काड्या कमी खाल्ल्या ते दारातूनच कळायचं. ससा हनुवटी घासून वस्तू आपल्या नावावर करतो. राणीने त्याच्या चपला केल्या, हत्यारांची पिशवी केली, घोटे केले. मला कळेना, मी काय घासू?

मग नणंद आली. मी फरशीवर, तोंडात टाचण्या. ती बंगल्यापुढे उभी राहून म्हणते, "वहिनी, दादाने काय झकास बांधलंय! मजा आहे बाई तुझी, घरातच सुतार." टाचण्या नसत्या तर तिला सरळ जेवायला न थांबवता घालवली असती.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला. मी दोघी सवतींना पाला घालून कपड्यांच्या टोपलीखाली झाकलं, वर बाथरूमची वीट ठेवली. त्याचं जुनं ड्रिल काढलं आणि बंगल्याचे स्क्रू उलटे फिरवायला लागले.

छप्पर उतरलं. आतल्या बाजूला त्याच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टेबल, हिच्या कोपराएवढं'. त्या अक्षरांच्या मधूनच करवत गेली होती. तो विसरला असता तर मी माफ केलं असतं. विसरला नव्हता. वाचून कापलं होतं.

मग माझा हात थांबला नाही. छपराचे ते दोन तुकडे जुळवून खालून पट्ट्या मारल्या, वर जुनी घोंगडी ताणून ठोकली. खांब होतेच. पायांमधल्या खालच्या आडव्या दांड्या उताराच्या फळीतून कापल्या, माझ्या टेपने मोजून. आणि तिथे मी शिंपीण ती शिंपीणच राहिले. कापडाला सोडतात तसं शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त सोडलं. लाकूड काही आत दुमडत नाही. दांड्या लांब झाल्या, हातोडीने ठोकून बसवल्या तर चारही पाय खाली फाकले, नुकत्या उभ्या राहिलेल्या वासरासारखे.

संध्याकाळी तो आला. आधी बंगला शोधला, मग टेबल दिसलं, मग मी. उभी होते, चौथा कोट कापत.

"हे काय केलंस?"

"रविवार केला."

तो वाकून पाय बघायला लागला. "अगं, हे फाकलेत. चुकलंय सगळं."

"हलवून बघ."

त्याने एका हाताने हलवलं. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावला. टेबल जागचं हललं नाही. सुताराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी पोटभर बघून घेतलं.

"निदान कोपरे तरी घासून देतो," तो म्हणाला.

"राहू दे. एकदा तुझ्या मांडीला लागू दे."

तो फरशीवर बसला. "राणी, ये." राणी टेबलाखाली होती. दुपारी मी टोपली काढल्यापासून कोटांच्या कातरणांवर पसरली होती, तळव्यांखाली मऊ कापड. जाडी तिला टेकून झोपलेली. "राणी," त्याने परत हाक मारली, गोड, लांबवून, जशी मी बारा वर्षं ऐकली नव्हती. ती उठली. दोन उड्या मारल्या, माझ्या घोट्यापाशी थांबली आणि हनुवटी घासली. मग टेबलाच्या पायाला घासली.

"तू काय केलंस हिला? माझ्याकडे येत नाही."

आवाज ओळखीचा होता. कित्येक महिने माझ्या पोटात तोच होता.

"काही नाही केलं," मी कात्री चालवत म्हणाले. "तू 'अगं' म्हणून बघ."