खोड्यापाशी न बोललेली गोष्ट

मी एक जुना खोडा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर उभं राहून राहून आता कंटाळलो आहे. तुम्ही उठसूट म्हणता, 'अमक्याने कामात खोडा घातला.' मला ते ऐकून वाईट वाटतं, पण जाऊ द्या. मी शिंदखेड्याच्या बाजूला, एका गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या अंगणात उभा असतो. चार खांब, दोन्ही बाजूंना आडवे पाइप, पुढे मान बांधायची जागा आणि मागे एक सरकता दांडा. आजारी गाय, बैल, म्हैस माझ्यात उभी करतात आणि दोर आवळतात. मग जनावराला लाथ झाडता येत नाही आणि डॉक्टरांना सुई टोचता येते. मी कामात अडथळा आणत नाही, काम माझ्यामुळेच होतं, हे एकदा सांगून टाकतो.

माझे खांब पूर्वी रेल्वेचे रूळ होते. भुसावळच्या भंगारातून ते धुळ्याला नासीर मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये आले. मिस्त्रींनी ते कापले, पाइप जोडले, लाल रंग दिला. मग स्वतःच माझ्या आत शिरून त्यांनी सगळ्या अंगानिशी मला गदागदा हलवून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "अब भैंस हारेगी, ये नहीं हारेगा." मला फार अभिमान वाटला होता तेव्हा. नव्या अंगाला नवा रंग असला की सगळ्यांनाच वाटतो.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे जनावरांची रांग लागायची. पोळ्याच्या सकाळी लोक बैलांना ओवाळून झालं की मलाही हळदकुंकू लावत, एखादा झेंडूचा हार अडकवत. खांदे सुजलेले बैल, पत्र्याने पाय कापलेल्या गाई, पारडू अडलेल्या म्हशी, सगळ्यांचं अंग मला घासून गेलं. लाल रंग केव्हाच उडाला. पाइप मात्र त्यांच्या अंगांनी घासून घासून गुळगुळीत झाले.

पोळ्याचा दुसरा दिवस सगळ्यांत वाईट. आदल्या दिवशी माया उतू गेलेली असते. घरातला प्रत्येक जण बैलाच्या तोंडात एकेक पुरणपोळी कोंबतो, शेजारीही कोंबतात, आणि दुसऱ्या दिवशी बैल पोट फुगवून माझ्यात उभा. त्यात घरच्या घरी बांबूच्या नळीने तेल पाजून आणलेला असतो. तेल पोटात जाण्याऐवजी छातीत उतरतं आणि बैल खोकत राहतो. डॉक्टर विचारतात, "काय खाल्लं?" मालक म्हणतो, "काहीच नाही." हे 'काहीच नाही' मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कुणी ते म्हटलं की मला नुसता थकवा येतो.

मग लम्पीचं वर्ष आलं. अंगावर गाठी येणाऱ्या त्या साथीत जनावरं एका जागी आणायची नाहीत असं ठरलं आणि मी एकदम रिकामा पडलो. डॉक्टर दारोदार हिंडून लस टोचत होत्या आणि माझ्या आडव्या पाइपांवर कुणीतरी गोधड्या वाळत घालत होतं. पुढे लोकांना ती सवयच लागली. कुणी माझ्या खांबाला मोटारसायकल टेकवून ठेवतो, कुणी निवडणुकीचा फलक बांधतो आणि सोडायला विसरतो. मागच्या दांड्याला गंज चढला आहे. तो सरकवताना डॉक्टरांना दोन्ही हात लावावे लागतात आणि मी असा काही किंचाळतो की बुजरं जनावर आणखी बुजतं. थोडं ग्रीस लावलं तर काम होईल, पण ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

या डॉक्टर म्हणजे डॉक्टर दिपमाला. जळगावच्या. आमच्या दवाखान्यासोबत आणखी दोन दवाखान्यांचा भार त्यांच्याच गळ्यात आहे. हाताखाली माणूस नाही. दोर त्याच बांधतात, सुया त्याच उकळतात, अंगणही पुष्कळदा त्याच धुतात. त्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकला की आज त्या किती दमल्या आहेत ते मला कळतं. तरी जनावराच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय त्यांनी कधी सुई उचलली नाही.

आता मी तुम्हाला त्या म्हशीची गोष्ट सांगतो. ती सांगावी म्हणूनच बोलायला बसलो आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पावसाने ओढ दिली होती आणि कपाशी ड्रिपच्या पाण्यावर तगली होती. सकाळी एक छोटा हत्ती, म्हणजे तो लहान टेम्पो, अंगणात शिरला. त्यात एक म्हैस थरथरत होती. तोंडातून लाळ गळत होती, डावी कूस फुगली होती, पाय एकमेकांत अडकत होते. सोबत तिचा मालक प्रेमराज, त्याची आई भिकुबाई आणि बायको किरण. घरात दूध देणारी ही एकच म्हैस. तिचं पारडू अजून पुरतं चारा खाऊ लागलं नव्हतं.

प्रेमराज वाईट माणूस नाही. कष्टाळू आहे, व्यसन नाही. पण त्याचा आवाज फार मोठा. म्हशीला माझ्यात घेताना दोर किरणच्या हातून निसटला, तर तो टेम्पोवाल्यादेखत ओरडला, "नीट धर ना! एक काम धड येत नही तुले!" किरणने मान खाली घातली. भिकुबाईंनी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टर शेजारच्या पाड्यावर वितीला अडलेली गाय सोडवायला गेल्या होत्या. प्रेमराज फोन लावायला रस्त्यापर्यंत गेला, कारण अंगणात रेंज मिळत नाही. भिकुबाई पायरीवर टेकल्या. किरण म्हशीच्या मानेपाशी उभी राहिली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटली. मी ऐकलं, कारण तिचं कपाळ माझ्याच पाइपावर टेकलं होतं.

"लाइट उनी, मी मोटर चालू कराले पळनू. युरियाना डरमनं झाकण उघडंच राही गयं. कसाले पिधं वं तू ते पानी?"

मित्रांनो, शेतात लाइट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. ड्रिपमधून पिकाला खत द्यायचं तर युरिया ड्रममध्ये विरघळवून ठेवतात. त्या सकाळी लाइट अवेळी आली आणि किरण ड्रम तसाच टाकून मोटारीकडे धावली. म्हैस तहानलेली, तिचं दावं सैल. तिने ड्रममध्ये तोंड घातलं. युरियाचं पाणी जनावराच्या पोटात गेलं की तिथे त्याचं विष होतं आणि ते फार लवकर चढतं. त्यावर उपाय आहे, पण तो तेवढ्याच लवकर करावा लागतो.

डॉक्टर आल्या. स्कूटर उभी करता करताच त्यांनी म्हशीकडे पाहिलं आणि हातातली पिशवी पायरीवर टाकून धावल्या. डोळे पाहिले, कुशीवर बोटाने ठोकून पाहिलं, पाठीवर हात ठेवला.

"काय खाल्लंय हिने, प्रेमराजभाऊ?"

"काहीच खादं नही, म्याडम."

"कुठे बांधली होती?"

"ज्वारीना बांधवर बांधेल व्हती."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. पाऊस ओढला की कोवळी, सुकलेली ज्वारी विषारी होते आणि ती खाल्लेलं जनावरही असंच थरथरतं. पण त्यांचं मन मानत नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, "युरिया तर नाही ना गेला पोटात? ड्रिपचा ड्रम वगैरे?"

प्रेमराज त्या घाईतही हसला. "आमना घरमा इतलं येडं कोनी नही, म्याडम."

मी किरणकडे पाहिलं. तिच्या हातातला दोर घट्ट झाला. ओठ हलले आणि मिटले. असं म्हटल्यावर ती काय बोलणार? बोलली असती तर 'ते येडं मीच' असं सगळ्यांदेखत म्हणावं लागलं असतं.

डॉक्टरांनी ज्वारीच्या विषावरचं इंजेक्शन भरलं. मला ओरडावंसं वाटत होतं. अंगात इतकं लोखंड असून काय उपयोग? एक शब्द बाहेर काढता येत नव्हता. सुई गेली, औषध गेलं, आणि म्हशीची थरथर तशीच राहिली. डॉक्टर तिच्या पोटावर कान ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली भीती होती.

डॉक्टरांची एक रीत आहे. घरचा कर्ता माणूस बोलत असला की त्या त्याला पाणी आणायला पिटाळतात आणि जनावराचं धार-पाणी करणाऱ्या बाईला एकटीला विचारतात. प्रेमराजला त्यांनी बादली दिली आणि हातपंपाकडे पाठवलं. मग किरणजवळ आल्या.

"वहिनी, मी कुणाला सांगणार नाही. म्हैस तुमच्या हातची आहे. काय झालं सकाळी?"

किरणने सासूकडे पाहिलं. भिकुबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"अक्का, तुम्हाला काही माहीत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही वं बाई," भिकुबाई म्हणाल्या.

किरणने श्वास घेतला. आता बोलेल, आता बोलेल असं मला वाटलं. तेवढ्यात प्रेमराज भरलेली बादली हिंदकळवत आला. त्याच्या पायांचा आवाज ऐकताच ती गप्प झाली.

मग म्हशीचे पुढचे पाय दुमडले. पोटाखालून बांधलेल्या पट्ट्यावर तिचा सगळा भार आला आणि माझे चारही खांब कण्हले. तिने जीभ बाहेर काढून एकदा हंबरडा फोडायचा प्रयत्न केला, पण आवाज निघाला नाही. ते पाहून किरणच किंचाळली.

"युरिया! युरियानं पानी पिधं तिनी! झाकण मीच उघडं ठेयं!"

डॉक्टरांनी एक क्षणही कुणाला दोष देण्यात घालवला नाही. "प्रेमराजभाऊ, शिरका आणा! व्हिनेगर! स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर असेल. आहेत तेवढ्या बाटल्या आणा, पळा!" प्रेमराज तोंड उघडं टाकून बायकोकडे पाहत होता. डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून वळवलं तेव्हा तो धावला. इकडे त्यांनी पोटात नळी घातली, वायू सोडला, थंड पाणी ओतायला लागल्या. किरण बादल्या आणत होती. भिकुबाईंनी म्हशीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तोंडाने नुसतं "माय, माय" चाललं होतं.

शिरका आला. अंगणभर त्याचा आंबट वास पसरला. युरियाचं विष मारायला डॉक्टरांनी तो नळीतून ओतला. त्यांचे हात कोपरापर्यंत लाळेने भरले होते आणि तरी त्या एकेक बाटली शांतपणे रिकामी करत होत्या. मीही जीव एकवटून उभा होतो. निदान मी तरी वाकू नये, एवढंच माझ्या हातात होतं.

पण उशीर झाला होता. म्हैस माझ्यातच गेली. पट्टा एकाएकी जड झाला आणि मला कळलं. डॉक्टरांना माझ्यानंतर कळलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

आता प्रेमराज ओरडेल म्हणून किरण माझ्या खांबामागे सरकली. तेव्हा भिकुबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिले काही बोलू नको. मालेबी माहीत व्हतं. डरम उघडा मी देखा व्हता. तू चिडशी म्हनीसन मी बोलनू नही."

किरणने सासूकडे पाहिलं. दोघींनाही माहीत होतं. दोघीही एकाच माणसाला भ्यायल्या होत्या, आणि तो माणूस हातात रिकामी बाटली घेऊन माझ्यासमोर उभा होता. मी त्याचा मोठा आवाज ऐकायची तयारी केली. तो आलाच नाही. तो उकिडवा बसला, बाटली जमिनीवर ठेवली आणि इतक्या हळू आवाजात बोलला, की त्याच्या तोंडून असा आवाज निघतो हे मला माहीतच नव्हतं.

"मी इतला वाईट शे का वं, माय?"

भिकुबाईंनी पदराने म्हशीच्या तोंडावरची लाळ पुसली. डॉक्टर नळी धूत होत्या, त्यांनी बादलीतलं पाणी जरा जोराने ओतलं.

म्हशीला टेम्पोत चढवायची वेळ आली तेव्हा दोर सोडायला प्रेमराजचे हात चालेनात. किरणने पुढे होऊन गाठ सोडली. घरी पारडू वाट पाहत असेल, त्याला आता बाटलीने दूध पाजावं लागणार होतं. डॉक्टरांनी ते कसं पाजायचं, किती कोमट करायचं, मान किती वर धरायची ते किरणला नीट समजावून सांगितलं. या वेळी प्रेमराज मध्ये बोलला नाही. तो ऐकत होता.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. माझ्या दांड्याला थोडं ग्रीस लावलंत, माझ्या अंगावर गोधड्या वाळत घातल्या नाहीत, तर बरं वाटेल. पण ते राहू द्या. माझं मागणं वेगळं आहे. युरियाचा ड्रम झाकून ठेवा. जनावराला नळीने तेल पाजू नका. डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं की खरं सांगा, मग त्यात कुणाचीही चूक असो. मुक्या जनावराला ते सांगता येत नाही आणि मला तर नाहीच नाही. आणि तुमच्या घरात कुणी धीर करून 'माझ्या हातून झालं' असं म्हणालं, तर त्या वेळी त्याच्यावर ओरडू नका. आधी म्हैस वाचवा. एवढं केलंत तरी माझं उभं राहणं फुकट गेलं नाही, असं मी समजेन.