नाव नसलेली नळी

शिंप्याने मेव्हण्याच्या पोटात कात्री घातली आणि मेव्हण्याने शिंप्याच्या मांडीत टायर कापायचा चाकू. दोघांना एकाच टेम्पोतून आणलं, कारण दुसरा कोणी थांबायलाच तयार नव्हता. मधे शिंप्याची बायको. एका हाताने नवऱ्याची मांडी दाबलेली, दुसऱ्याने भावाचं पोट. तिचा स्वतःचा ओठ फाटलेला. तो नवऱ्याने सकाळी फोडला होता, आणि भाऊ त्याचाच जाब विचारायला आला होता.

अपघात विभागात रिकाम्या खाटा दोनच, त्याही शेजारीशेजारी. अलीकडे शिंपी, पलीकडे टायरवाला मेव्हणा, मधे हिरवा पडदा. पडद्याने काय थांबणार?

सिस्टर शिंप्याच्या उशाशी गेली.

"पूर्ण नाव सांगा."

"आधी त्या हरामखोराला मरू द्या."

"शिवी नको, नाव."

त्याने नाव सांगितलं. तिने दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली, रक्तपेढीसाठी नळी भरून घेतली. तेवढ्यात पडद्याआडून डॉक्टरांचा हात आला आणि त्याने दुसरी नळी तिच्या ट्रेमध्ये टाकली. त्यांचा दुसरा हात टायरवाल्याच्या पोटावर दाबलेला होता, तो काढायची सोय नव्हती.

"ही याची. नाव तुम्हीच टाका, सिस्टर."

नळी खाटेपाशी भरायची, नावही खाटेपाशीच टाकायचं. तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि शिंप्याच्या नावाचं पहिलं अक्षर

उतरलंच नाही.

पडदा दांडीसकट खाली आला. मागून आलेल्या शिंप्याच्या धाकट्या भावाने सलाईनचा स्टँड उचलून टायरवाल्यासोबत आलेल्या, त्याच्या दुकानातल्या माणसावर हाणला होता. तो माणूस वाकला. स्टँड सिस्टरच्या हातावर बसला. करंगळी नको त्या बाजूला वळली, ट्रे उडाला. दोन जांभळ्या झाकणांच्या नळ्या फरशीवर घरंगळत एकाच खाटेखाली गेल्या. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, दोन्ही अजून कोमट.

दीर गुडघ्यावर बसला आणि त्यातली एक काढून नाचवायला लागला. "ही आमच्या दादाची! मी बघितलंय!"

"कशावरून?"

"अहो, आमच्या बाजूला पडली ना!"

"दोन्ही तुमच्याच बाजूला पडल्यात."

"ओ निगेटिव्ह आहे का?" डॉक्टर ओरडले. ते रक्त कुणालाही चालतं.

"सकाळच्या बाळंतिणीला संपलं सगळं."

"मग फेका. दोन्ही फेका, परत घ्या."

तिने दिराच्या मुठीतून नळी ओढून घेतली, खालची उचलली, दोन्ही डब्यात टाकल्या.

मग म्हातारीने, शिंप्याच्या आईने, छाती पिटली.

"रक्त फेकलं गं! माझ्या लेकाच्या अंगात थेंब उरला नाही, आणि ही बया त्याचं रक्त कचऱ्यात टाकते!"

बघणाऱ्याला तसंच दिसणार. नळ्यांची अदलाबदल झाली तर पिशवीही दुसऱ्याची येते, चुकीचं रक्त अंगात गेलं तर मांडीची जखम परवडली असं म्हणायची वेळ येते, हे समजावून सांगायला निवांत माणसं लागतात. इथे जे मघापासून एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

केस.

भिंत.

परत भिंत. टायरच्या दुकानातल्या माणसाने तिला धरलं, दिराने मारलं. दोघांची चांगली जोडी जमली.

बूट, बरगडी.

कुणीतरी म्हणत होतं, "मार, मार तिला," आणि ती म्हातारी होती.

"सोडा!" डॉक्टर पोट दाबून ओरडत होते. "अरे, सोडा तिला!"

ऑक्सिजनच्या सिलिंडरला अडकवलेला पाना शिंप्याच्या बायकोने काढला आणि दिराच्या कोपरावर घातला. वाजलं ते लोखंड नव्हतं. दुसरा घाव दुकानातल्या माणसाच्या पाठीत.

"बाईला रक्त घेऊ द्या!" फाटक्या ओठातून तिचा आवाज फुटला. "नाहीतर एकेकाचं मीच काढते!"

ते मागे सरले. दीर कोपर धरून भिंतीशी बसला.

सिस्टर उठली. तोंडातलं रक्त थुंकली, हातमोजे बदलले. आधी शिंपी, कारण तो पांढरा पडत होता. पण शिरा मिटल्या होत्या. कोपराशी सुई घातली, काही नाही. मनगटाशी, काही नाही. करंगळी ऐकत नव्हती, नळी अंगठ्याने धरावी लागत होती. पायाच्या घोट्याशी मिळालं, तेही ठिपकत ठिपकत.

"नाव सांगा."

शिंप्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा. हे कोण?"

बायको पाना घेऊन उभी होती. तिने जिभेने ओठावरची जखम चाचपली. मग मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसं, नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.

टायरवाल्याने स्वतःचं नाव स्वतः सांगितलं, वर "लवकर करा ना ताई" हेही. दोन्ही नळ्यांवर नावं चढली. वॉर्डातली मावशी त्या घेऊन पळाली.

पिशव्या आल्या तेव्हा शिंपी गेलेला होता.

टायरवाल्याची पिशवी टांगली. आता खाट सोडायची नव्हती. रक्त चढायला लागल्यावर पहिली काही मिनिटं तिथेच उभं राहायचं असतं. माणसाला हुडहुडी भरते का, खाज सुटते का, कंबर दुखते का, सगळं तेव्हाच कळतं. सिस्टरने त्याचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागली.

म्हातारी तिच्या पाठीवर मुठी मारत होती. शेवटी मावशीने तिला ओढून नेलं.

मग शिंप्याची बायको आली. पाना कुणीतरी काढून घेतला होता.

"पहिली नळी," ती म्हणाली. "दिराने उचललेली. ती ह्यांचीच असती तर?"

"असेलही."

"मग वाचले असते?"

"कदाचित."

बायकोने कानाखाली लगावली. अख्खा हात फिरवून. सिस्टरचं डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मनगट सुटलं नाही. नाडी मात्र पहिल्यापासून मोजायला घेतली.

"तुमच्या भावाला विचारा," ती म्हणाली, "अंगाला खाज येतेय का. माझा शब्द नीट निघत नाहीये."

बायको वाकली, भावाच्या कानाशी पुटपुटली, उत्तर ऐकलं.

"नाही म्हणतोय," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा हात उगारला.